सीबीटी घेताय, पण फरक पडत नाही? या चुका टाळा

"सगळं पटतं हो, पण आतून काही बदलत नाही." सीबीटीची (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याचा मानसोपचार) तीन-चार सेशन झाली की असं म्हणणारे बरेच भेटतात. अशा वेळी उपचार आपल्यासाठी नाहीच असं ठरवण्याआधी तो कसा वापरला जातोय ते बघावं.

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ही 'सकारात्मक विचार करा' छापाची थेरपी आहे. १९६०च्या दशकात ही थेरपी विकसित करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांमध्ये एक गोष्ट हेरली: मनात आपसूक चमकून जाणारे विचार रुग्ण न तपासताच खरे धरतात. तपासणं हेच इथलं काम. "मला काहीच जमत नाही" हे खोडून "मला सगळं जमतं" असं घोकलं, तर मन ते स्वीकारत नाही. दोन्ही वाक्यं तितकीच निराधार असतात.

गृहपाठ म्हणून प्रसंग, विचार, भावना अशा रकान्यांत विचारांची नोंद करायची असते; ती करतानाही गडबड होते. समजा, मित्राने मेसेज वाचला, पण उत्तर दिलं नाही. 'विचार' या रकान्यात लोक लिहितात, "खूप वाईट वाटलं." ही झाली भावना. किंवा लिहितात, "असं का केलं असेल त्याने?" हा प्रश्न आहे आणि प्रश्नाला पुरावा शोधता येत नाही. त्यामागचं विधान बाहेर काढा: "तो माझ्यावर चिडलाय." यावर विश्वास किती? ८० टक्के. आता दोन्ही बाजू लिहा. परवा तो तुटक बोलला होता, हे खरं. पण कालच त्याने स्वतःहून फोन केला, हेही खरं. मग विश्वास ८० वरून ५० वर आला तरी पुष्कळ झालं. तो शून्यावर यायलाच हवा, हा हट्ट सोडा. आणि ही नोंद शक्यतो त्याच दिवशी करा. आठवडाभराचं एकदम आठवून लिहिलं की नेमका विचार हातातून निसटलेला असतो.

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करते ती छुपी टाळाटाळ. पॅनिक अटॅकचा त्रास असलेली व्यक्ती हिंमत करून गर्दीत जाते खरी. पण दाराजवळ उभी राहते, हातात पाण्याची बाटली, खिशात गोळी, फोनवर घरचं कुणीतरी. काहीच होत नाही. तरी पुढच्या वेळी भीती तेवढीच, कारण मन सगळं श्रेय बाटलीला आणि गोळीला देतं. "धडधड म्हणजे हार्ट अटॅक" हा अंदाज तपासलाच गेला नाही! (छातीतल्या त्रासाची डॉक्टरांकडून तपासणी आधी झालेली असावी, हे गृहीत आहे.) म्हणून हे आधार थेरपिस्टशी ठरवून एकेक करून सोडायचे. जाण्याआधी "काय होईल असं वाटतं" ते लिहायचं आणि आल्यावर काय झालं तेही. भीती टिपेला असताना पळ काढला, तर सुटका पळण्यामुळेच झाली असं मन शिकतं. झेपणार नाही इतकी मोठी पायरी घेतली की असंच होतं, तेव्हा सुरुवात लहान पायरीने करा.

ओसीडीत (नको ते विचार वारंवार येणं आणि ते शमवायला त्याच त्या कृती, म्हणजे 'विधी', करत राहणं) तर पुरावे शोधणं हाच नवा विधी होऊन बसतो. "कुलूप लावलं का?" याचा मनातल्या मनात वीसदा निवाडा करणं म्हणजे पुन्हा तपासून येणंच. तिथे भीतीला सामोरं जाऊन विधी न करण्याचा सराव लागतो.

नैराश्यात "मूड आला की करेन" म्हणत थांबू नका. दहा मिनिटांचं एखादं काम आधी करा, मग बरं किती वाटलं याला दहापैकी गुण द्या. मूड बहुधा कामामागून येतो.

कोर्स साधारण ६ ते २० सेशनचा असतो. निम्म्यावर येऊनही फरक नसेल, तर गुपचूप जाणं बंद करू नका. गृहपाठ झाला नाही, एखादी गोष्ट पटली नाही, हे थेरपिस्टला तोंडावर सांगा; त्यावरूनच पुढची आखणी बदलते. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर पुढच्या सेशनची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, जवळच्या माणसाला सोबत ठेवा.