कुंडीतला जपानी मेपल, न्यू जर्सीच्या थंडीत

एडिसनला आमच्या घराबाहेरची जमीन असोसिएशनची (म्हणजे आपली सोसायटी), त्यामुळे माझी बाग म्हणजे मागचा डेक आणि त्यावरच्या कुंड्या. जपानी मेपल कुंडीत वर्षानुवर्षं मजेत राहतो. मात्र सगळ्यांची नजर त्या लाल पानांवर असते आणि झाड दगावतं ते मुळांपासून.

नर्सरीत 'ब्लडगुड' ही जात हमखास पुढे करतात. छान आहे, पण तो जमिनीत १५-२० फूट होणारा गडी. कुंडीसाठी 'शाइना' किंवा 'किओहिमे' ही ठेंगणी जात घ्या, नाहीतर बारीक चिरलेल्या पानांचा, खाली झुकणारा 'क्रिम्झन क्वीन'. ही झाडं आपल्या हापूससारखी कलमी असतात. कलमाचा जोड मातीच्या वरच ठेवा. त्याखालून फूट आली तर ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाची. दिसली की काढा, नाहीतर तीच जोर धरते आणि वरचं कलम मागे पडतं.

कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठी, बस. "पुढे वाढेलच की" म्हणून भलीमोठी घेतली तर माती ओली राहते आणि मुळं कुजतात. तळाशी खडी घालायची आपली जुनी सवय इथे सोडा. पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडून राहतं. भोकं मोकळी असली की पुरे. साधी मातीची कुंडी गोठून तडकते, काळी प्लास्टिकची जुलैत तापते. मी फिक्या रंगाची फायबरची वापरते.

अंगणातली माती नको. पाइनच्या सालीचा बारीक चुरा तीन भाग, पर्लाइट (हलके पांढरे खडे) एक, कोकोपीट एक. खोड जिथे रुंदावून मुळं सुरू होतात तो भाग उघडा दिसला पाहिजे.

सकाळचं ऊन, दुपारी सावली. अगदीच सावलीत ठेवलात तर लाल पानं हिरवट होतात. पाण्याला वेळापत्रक नाही: बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच घाला, पण खालून वाहीपर्यंत. कडक उन्हाळ्यात रोजही लागेल. पानांच्या कडा करपल्या की लोक खत घालतात. कारण बहुधा ऊन, वारा किंवा तहान असतं. हळू विरघळणारं खत वसंतात एकदा, पाकिटावरच्या मापाच्या निम्मं. जुलैनंतर मुळीच नाही. कोवळी फूट थंडीत मरते.

आता हिवाळा. जमिनीत हे झाड उणे २५ सेल्सिअसच्या आसपासही तगतं, पण मुळं तेवढी काटक नसतात, उणे १० च्या सुमारास त्यांना इजा व्हायला लागते. जमिनीत त्यांना मातीची ऊब असते, कुंडीत चहूबाजूंनी गारठा. म्हणून पानं गळून गेली की कुंडी बिनहीटरच्या गॅरेजमध्ये. निष्पर्ण झाडाला उजेड लागत नाही; दोन-तीन आठवड्यांनी माती चाचपून थोडं पाणी द्या. गॅरेज नसेल तर घराच्या भिंतीला टेकवून, वाऱ्याच्या आडोशाला, कुंडीभोवती सुक्या पानांचा ढीग रचा. दिवाणखान्यात मात्र आणू नका. त्याला थंडीतली झोप लागतेच. पुण्याच्या वहिनी गच्चीत लावू का विचारतात, त्यांनाही मी याच कारणाने नको म्हणते.

दर दोन-तीन वर्षांनी, मार्चमध्ये फांद्यांवरचे पालवीचे डोळे फुगायला लागले पण उघडले नाहीत अशा बेताला, झाड बाहेर काढून गोल फिरलेली मुळं कापा. बाहेरचा तिसरा हिस्सा गेला तरी चालतं. नवं मिश्रण घालून त्याच कुंडीत परत लावा. जाड फांद्यांना तेव्हा हात लावू नका, कापलेल्या जागेतून रस वाहतो. ती छाटणी भर उन्हाळ्यात. वाळक्या काड्या कधीही.

शेवटचा धोका एप्रिलचा. पालवी उमलते आणि एखाद्या रात्री दव गोठतं, की सकाळी कोवळी पानं काळी. कुंडी चाकांच्या स्टँडवर ठेवा, म्हणजे हवामानात फ्रॉस्ट दिसला की रात्रीपुरती आत ढकलता येते. भरलेली कुंडी उचलून पाठ धरून बसलेले आमच्या ओळखीत बरेच आहेत.