रामनच्या यंत्रापुढे दात काढण्याआधी

कणकवलीहून संध्याकाळची तुतारी एक्सप्रेस, सकाळी दादर, आणि मग प्रयोगशाळेत रामन स्पेक्ट्रोमीटरवर (लेझर टाकून परतलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारं यंत्र) मिळालेले जेमतेम तीन तास. त्यासाठी महिनाभर दवाखान्यांतून दात गोळा करत फिरणाऱ्या आमच्या धाकट्या मंडळींसाठी हे लिहितेय.

संमतीपत्र मराठीत घ्या. बाटलीवर पेशंटचं नाव नको, नुसता क्रमांक. तोही पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून आत टाकलेला. दात निघाला की मऊ ब्रशने घासा, मुळाला चिकटलेले तंतू सोलून काढा आणि ०.१ टक्के थायमॉलच्या पाण्यात बुडवा. थायमॉल म्हणजे ओव्यातलाच वास, त्यामुळे डबा गाडीत उघडलात तर शेजारचा पोटदुखीचं औषध समजेल. फॉर्मालिन टाळा, डेंटिनमधलं (दाताच्या वरच्या कवचाखालच्या थरातलं) कोलॅजन हे प्रथिन त्याने बदलतं. कोरड्या कापसात दाढेला तडे जातात, ओल्या कापसात आपल्या पावसाळ्यात बुरशी येते. मला एकाच जुलैत दोन्ही मिळालं.

दात निवडताना मिश्रीचे आणि पानाचे काळपट डाग बघून घ्या. त्यांच्यावर लेझर पडला की सगळी चमकच उठते आणि खनिजाची खूण तिच्यात बुडते. डागच तपासायचे नसतील तर असे दात घरीच ठेवा. डेंटिनसाठी ५३२ ऐवजी ७८५ नॅनोमीटरचा लेझर आधीच मागून ठेवा, चमक बरीच कमी होते.

कापणी आणि पॉलिश इथेच उरकून न्या, आणि सगळा घोळ याच पायरीवर होतो म्हणून जरा थांबते. हिऱ्याच्या पात्याने, पाण्याच्या धारेखाली काप घ्या. पॉलिश पेपरचे सिलिकॉन कार्बाइडचे कण पृष्ठभागात रुततात आणि त्यांची एक खूण, म्हणजे आलेखातलं शिखर, ९६७ च्या आसपास येते (शिखरांचे आकडे सगळे प्रति सेंटिमीटरचे). इनॅमलमधल्या (दाताच्या वरच्या कवचातल्या) फॉस्फेटचं मुख्य शिखर ९६० ला! म्हणजे शेजारीशेजारी. संशय आला तर ७८९ ला बघा. तिथेही शिखर असेल तर तो पेपरचा कण. काप अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) नीट धुतला की हा प्रश्न सहसा उरत नाही. दात बसवायला सेल्फ-क्युअर ॲक्रिलिक (आपोआप घट्ट होणारं प्लास्टिक) वापरणार असाल तर तपासायचा भाग त्याच्या बाहेर राहू द्या. मी १४५० चं शिखर कोलॅजनचं म्हणून दोन दिवस खुशीत होते. मग ८१३ लाही एक दिसलं आणि कळलं, हे आमचंच ॲक्रिलिक. कापाची दिशा खाच पाडून नोंदवा, कारण इनॅमलचे स्फटिक रांगेत असतात आणि काप फिरवला की शिखरांची उंची बदलते.

सोबत तुलनेचे नमुने हवेत. काँपोझिटची (दाताच्या रंगाच्या, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिन फिलिंगची) न सेट झालेली पेस्ट काळ्या ट्यूबमध्ये, वर फॉइल. सेट केलेला तुकडा वेगळा. १६४० आणि १६०८ या दोन शिखरांचं गुणोत्तर दोन्हींत काढलं की रेझिन किती सेट झालंय ते कळतं. झिर्कोनियाच्या कॅपचा तुकडा मिळाला तर न्याच. आणि हसू नका, पण एक कालव नि एक तिसरीचं शिंपलं खिशात टाका. दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेटच, पण कालवात कॅल्साइट आणि तिसरीत ॲरागोनाइट. १०८५ च्या आसपास दोघं सारखेच दिसतात. खाली २८१ ला शिखर असलं तर कालव, २०६ ला असलं तर तिसरी. ही दोन नीट वेगळी दिसली की यंत्रावर आणि स्वतःच्या हातावर भरवसा बसतो. कार्बोनेट म्हणून दातातल्या कार्बोनेटला यांच्याशी जोडू नका. ॲपेटाइटमधलं, म्हणजे दाताच्या खनिजातलं, १०७० ला येतं.

तिथे पोचल्यावर आधी सिलिकॉनची चकती लावून ५२०.५ येतंय का बघा. लेझरची शक्ती कमीपासून सुरू करा. गडद डाग आणि काँपोझिट जळतात. काप सुकू लागला तर पाण्याचा थेंब.

डेटा टेक्स्ट फाइलमध्येही मागून घ्या, यंत्राची फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. उरलेले दात दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, मात्र अमाल्गम (चांदीचं फिलिंग) भरलेले वेगळे काढा. पिवळी पिशवी भट्टीत जाते आणि त्यांच्यात पारा असतो.