बायस टेप मेकर घेतलाय? आधी पट्टी नीट कापा

बायस टेप मेकर म्हणजे कापडाच्या पट्टीच्या दोन्ही कडा आत दुमडून देणारं छोटं साधन. मेकरवरचा आकडा घडी घातलेल्या पट्टीच्या रुंदीचा असतो. कापताना साधारण दुप्पट धरा: १२ मिमीच्या मेकरला २४-२५ मिमी. पट्टी अरुंद झाली की एका बाजूची घडी सुटते, रुंद झाली की तोंडातच चुरगळते. दोष मेकरला देऊ नका!

पट्टी उरेबच हवी, म्हणजे काठाला ४५ अंशांत. आडवी-उभी पट्टी फारशी ताणली जात नाही, गळ्याच्या गोलाईवर ती बसत नाही. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधून सुरुवातीला साधं सुती कापड आणा. चंदेरी, माहेश्वरीचा मोह नंतर, ती सुळसुळते. थोडा स्टार्च मारला तर सुतीही छान वळतं.

पट्टीचं टोक तिरपं कापून मेकरमध्ये सरकवा, वरच्या खाचेतून टाचणीने पुढे ओढा. बाहेर आलेलं टोक इस्त्रीच्या टेबलाला टाचून टाका. मग मेकर हळूहळू मागे न्यायचा, इस्त्री त्याच्या तोंडाला जवळजवळ चिकटूनच चालवायची. अंतर पडलं की घडी उघडलीच म्हणून समजा. मेकर धातूचा, चांगलाच तापतो, दांडीलाच धरा.

दोन पट्ट्या जोडायच्या असतील तर जोड तिरपा घाला, शिलाई उघडून दाबा आणि जास्तीचे कान, म्हणजे बाहेर डोकावणारी टोकं, छाटा, नाहीतर पट्टी तिथेच अडते.