नजर नसताना स्वयंपाक: ओट्यापासून भाकरीपर्यंत

दृष्टिहीन माणसाच्या स्वयंपाकघरात सगळ्यात धोक्याची वस्तू कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण गॅस म्हणतील, कुणी विळी म्हणेल. मी म्हणेन, दुसऱ्याने जागेवरून हलवलेली वस्तू. गॅसचा आवाज येतो, वास येतो. विळी जिथे ठेवली तिथेच असते. पण पाहुण्याने ओट्याच्या कडेला ठेवून दिलेलं गरम पातेलं काहीच सांगत नाही. म्हणून हा लेख जितका नजर गेलेल्या किंवा कमी होत चाललेल्या माणसांसाठी आहे, तितकाच त्यांच्या घरातल्या डोळसांसाठीही आहे.

आधी जागा ठरवा

पहिल्या दिवशी शेगडी पेटवायचीच नाही. ओटा पूर्ण रिकामा करा आणि ज्याला स्वयंपाक करायचा आहे त्याच्याच हाताने वस्तू लावून घ्या. घरातल्यांनी सोय बघून लावलेला ओटा त्याच्या हाताला पाठ होत नाही. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम एकदा ठरला की बदलायचा नाही. मोहरी आणि जिरं बोटांना कळतं, तिखट आणि हळद वासाने ओळखता येते. घोटाळा होतो तो मीठ आणि साखरेत, म्हणून मीठ चिनी मातीच्या बरणीत आणि साखर स्टीलच्या डब्यात ठेवा.

खान्देशातल्या घरात पिठंही बरीच असतात: दादरचं (म्हणजे रब्बी ज्वारीचं), बाजरीचं, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं), गव्हाचं. डब्यांना रबर बँड लावा, दादरला एक, बाजरीला दोन, असं. ब्रेल येत असेल तर जाड प्लास्टिकच्या पट्टीवर अक्षरं टोचून चिकटवा, कारण कागदावरचे ठिपके वाफेने बसून जातात. पाकिटावरची तारीख वाचायला फोनचा कॅमेरा आहे. ‘बी माय आइज’ या अ‍ॅपवरून डोळस स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉलवर विचारता येतं. वेळ लावायलाही घड्याळ नको, फोनला बोलून टायमर लावा.

मोजामापी, चाळणं, ओतणं हे सगळं परातीत करा. सांडलं तर परातीतच राहतं आणि हाताला लगेच सापडतं. तेल बाटलीतून ओतू नका. रुंद तोंडाच्या भांड्यात ठेवा आणि पळीने घ्या, पळी किती भरली ते वजनावरून कळतं. गार पाणी ओतताना बोटाचं टोक भांड्याच्या काठाच्या आत ठेवता येतं. गरम पाण्याला हे कधीही करू नका. ते ओतायचंच नाही, पळीने काढायचं.

गॅस की इंडक्शन?

गॅस घ्यायचा तर आपोआप पेटणारी शेगडी घ्या, काडीपेटी आणि लायटर दोन्ही टळतात. नियम एकच आहे आणि तो मोडायचा नाही: भांडं आधी, आच नंतर. बर्नर गार असताना पातेलं ठेवा, हाताने चाचपून ते जाळीवर मधोमध बसल्याची खात्री करा, मगच बटण फिरवा. उतरवताना आच आधी बंद करा. पातेल्याची मूठ ओट्याच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, ती नेहमी एकाच बाजूला ठेवा. बटण बंद असताना आणि मंद आचेवर असताना कुठे येतं, तिथे शेगडीच्या पत्र्यावर एम-सीलचा छोटा ठिपका लावून ठेवा.

शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. नळी सुरक्षा नळीच हवी आणि पाच वर्षांनी बदलायला हवी. तिच्यावरची तारीख डोळस माणसाकडून वाचून घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. हाताशी असेल तर रेग्युलेटर बंद करा, दार-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करा.

इंडक्शनवर उघडी ज्योत नसते, ही मोठी सोय. पण गुळगुळीत काचेवरची स्पर्शाची बटणं बोटांना सापडत नाहीत. दुकानात हात फिरवून, दाबली जाणारी बटणं असलेलीच शेगडी निवडा. चालू केल्यावर ती कोणत्या आचेपासून सुरू होते ते एकदा विचारून घ्या, पुढे किती वेळा दाबलं हे टूंटूं आवाजावरून मोजता येतं. भांडं काढल्यावरही काच गरम असते हे विसरू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा गॅस वापरण्याची सवय ठेवलेलीच बरी.

पदर खोचून घ्या, ओढणी मागे बांधा, कपडे सुती असू द्या. कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे मिळतात. मनगटाच्या वरच्या भागाला चटका बसतो तो तव्याच्या आणि पातेल्याच्या कडेचा, तिथे आखूड मोजे उपयोगाचे नाहीत.

चिरणं

घरच्यांना विळीची फार भीती वाटते. माझं मत उलट आहे. विळीचं पातं एका जागी स्थिर असतं आणि दोन्ही हात भाजीवर असतात. सुरी मात्र हातात फिरते, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष लागतं. विळीचा हात असेल तर तीच वापरा, फक्त उठताना मिटल्याशिवाय उठू नका. सुरी वापरत असाल तर पाटाखाली ओलं फडकं घाला, भाजी धरलेल्या हाताची बोटं आत वळवा आणि पातं बोटांच्या पेरांना टेकवून चालवा. सुरी खाली ठेवायची ती पाटाच्या पलीकडे, धार आपल्यापासून लांब. भांड्यांच्या ढिगात किंवा पाण्याच्या टबात सुरी कधीच टाकू नका, वापरली की लगेच धुऊन जागेवर ठेवा. कांदा-मिरचीसाठी दोरी ओढायचा चॉपर चांगला, मात्र तो धुताना आतल्या पात्याला जपा.

कानाने आणि नाकाने

दुधाला डोळ्यांची गरजच नाही. शिट्टीचा दूध कुकर घ्या, बाहेरच्या कप्प्यात पाणी भरा, दूध तापलं की तो शिट्टी देतो. साध्या कुकरमध्ये डाळ-तांदूळ पाण्यासकट अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. झाकण लावण्याआधी वाफेच्या भोकातून फुंकर मारून ते मोकळं आहे का पाहा. झाकणाच्या आणि भांड्याच्या जुळणाऱ्या खुणांवरही एम-सीलचे ठिपके लावता येतात. झाकण आपणहून सैल पडेपर्यंत थांबा.

फोडणीसाठी गार कढईत गार तेल घाला, त्यातच थोडी मोहरी टाका, मग मंद आच लावा. मोहरी तडतडली की तेल तापलं. पुढचं साहित्य लांब दांड्याच्या पळीवर घेऊन कढईत सोडा. शेवभाजीचा कांदा-खोबऱ्याचा मसाला परतताना कच्चा वास जातो, पळी जड लागायची ती हलकी होते आणि कडेने तेल सुटल्याचा बारीक चुरचुर आवाज येतो. माझ्या मावशींची नजर उतारवयात गेली. मसाला झाला हे कसं कळतं असं विचारलं की त्या अहिराणीत म्हणायच्या, “कानले समजस.” आमच्या घरात अजूनही तशी शेवभाजी कुणाला जमत नाही.

भाकरी

सुरुवात कळण्याच्या भाकरीने करा. ज्वारीसोबत उडीद दळलेला असल्याने पीठ चिकट असतं आणि उचलताना भाकरी कमी तुटते. थापणं हे तसंही हाताचंच काम आहे, जाडी बोटांना डोळ्यांपेक्षा नीट कळते. अडचण असते ती तव्यावर टाकण्याची, आणि त्यासाठी मूठ असलेला जाड लोखंडी तवा हवा.

तवा तापवा. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका, चर्र करून लगेच उडाले की तवा तयार. आता गॅस बंद करा. जाड लोखंड आच नसतानाही तापलेलं राहतं, त्यामुळे भाकरी टाकताना हाताजवळ ज्योत राहत नाही. हातमोजा घातलेल्या डाव्या हाताने मूठ धरा, म्हणजे तवा कुठे आहे ते कळत राहील. उजव्या तळव्यावरची भाकरी आपल्या बाजूच्या कडेपासून पलीकडे सोडत न्या. पिठाची बाजू वर आली पाहिजे. मग गॅस पेटवा. वरून पाणी फिरवायला बोटं नकोत, ओल्या सुती फडक्याचा बोळा चालतो. पाणी सुकलं की वाफेचा आवाज बारीक होतो आणि उलथणं कडेखाली सहज सरकतं, तेव्हा उलटा. फुगवायला ज्योतीवर टाकू नका, तव्यावरच कोरड्या फडक्याने कडा दाबत फिरवा.

भरीत

वांग्याला आधी काट्याने टोचे मारा, नाहीतर ते फुटतं. जाळी गार बर्नरवर बसवा, त्यावर वांगं ठेवा, मग गॅस पेटवा. लांब चिमट्याने देठाकडून धरून थोडंथोडं फिरवा. साल कागदासारखी करकरीत लागते आणि चिमटा आत दबतो, तेव्हा ते भाजलं गेलं. हिवाळ्यात शेतावर काटक्यांच्या जाळात भाजायची असतील तर ते काम सोबतच्याला द्या. सोलणं, कुटणं आणि फोडणी मात्र तुमच्याकडे. हिरव्या मिरच्या निवडण्याआधी हाताला तेल लावा आणि नंतर चेहऱ्याला हात लावू नका.

चटका बसला तर

भाजलेला भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढा. भाजलेली जागा मोठी असेल, किंवा चेहरा वा हात भाजला असेल, तर दवाखान्यात जा.

घरच्यांनी काय करायचं

वस्तू घेतली तर जिथल्या तिथे ठेवा. स्वयंपाकघरात शिरताना बोला, मागून गुपचूप उभे राहू नका. गरम भांडं ठेवलं तर घड्याळाच्या भाषेत सांगा: “तुमच्या समोर, दोनच्या दिशेला, गरम पातेलं आहे.” कपाटाचं दार आणि ड्रॉवर उघडं सोडू नका. आणि हातातली पळी काढून घेऊ नका. भाजी थोडी लागली तर लागू द्या.

तळण सगळ्यात शेवटी शिका. छोटी, खोल कढई घ्या, तेल निम्म्याहून कमी भरा, आणि पुरी असो की बट्टी, झाऱ्यावर ठेवूनच तेलात सोडा. बुडबुड्यांचा आवाज उतरला की पदार्थ तळून होत आला. तळून झाल्यावर गॅस बंद करा आणि तेल गार होईपर्यंत कढई हलवू नका. खापरावरची पुरणपोळी त्याच्याही पुढची. दोन्ही हातांवर पसरलेली पोळी तापलेल्या उपड्या खापरावर टाकायची असते आणि खापराला धरायला मूठ नसते. तिथे पहिल्या काही वेळा शेजारी जाणती बाई हवीच.