पोर्ट्रेटला दारातला उजेड की फ्लॅश?

नॅचरल लाइट भारी की फ्लॅश, या वादात पडूच नका भावांनो. बघायचं एवढंच की उजेड कुठल्या बाजूनं येतोय आणि केवढ्या जागेतून येतोय. मोठ्या जागेतून आला की सावली मऊ पडते, बारक्या ठिपक्यातून आला की कडक. दुपारचा सूर्य आपल्याला ठिपक्याएवढाच दिसतो आणि कॅमेऱ्यावर लावलेला फ्लॅशही तसलाच, म्हणून एकात डोळ्याखाली काळे खड्डे पडतात आणि दुसऱ्यात तोंड पीठ फासल्यासारखं सपाट येतं.

सुरुवात जुन्या घराच्या सोप्यातनं (दारालगतच्या पुढच्या दालनातनं) करा. थेट ऊन आत येत नसेल अशी वेळ धरा, दार सताड उघडा, आतला बल्ब बंद करा (हे लोक हमखास विसरतात, मग अर्धं तोंड पिवळं) आणि माणसाला उंबऱ्यापासून दोन-तीन हात आत, दाराकडं तिरकं बसवा. दोन्ही डोळ्यांत दाराचा चौकोनी ठिपका दिसला की जागा बरोबर. सावलीतला गाल फारच काळा वाटला तर त्या बाजूला थर्माकोलची शीट धरा, दुकानात मिळते तसली साधी. ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ २.८, शटर (उजेड आत घ्यायची वेळ) १/१६० सेकंद आणि आयएसओ (सेन्सर उजेड किती पकडतो ते) ४०० ते ८०० पासून सुरू करून पुढं आपापलं बघा. माणूस दाराजवळ घेतला की मागची भिंत काळी पडत जाते, आत नेला की चेहरा आणि भिंत सारखीच उजळ होते आणि आयएसओ वाढवावा लागतो.

पश्चिमेकडं दार असेल तर जरा जपून. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात जातात ती ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबरच्या सुमारासच, कारण सूर्य मावळायची जागा वर्षभर सरकत असते. तुमच्या सोप्याचंही तेच, नोव्हेंबरात जमलेला कोन मे महिन्यात जमणार नाही.

तालमीत तर फ्लॅश पिशवीतनं काढूच नका, निदान पहिल्यांदा तरी. पैलवानाला हौद्यात (कुस्तीच्या मातीत) दाराला आडवा उभा करा, मग बाजूनं आलेल्या उजेडात खांद्याचा उतार, अंगाला चिकटलेल्या मातीचा कण न् कण आणि मोडलेल्या कानाची प्रत्येक घडी दिसते. समोरनं फ्लॅश मारला की हे सगळं पुसलं जातं. फक्त तांबड्या मातीवरनं परतणारा उजेड हनुवटीखाली लालसर छटा देतो. मी ती ठेवतो, कुणाला नको असेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढा आणि नंतर कमी करा.

आता फ्लॅश कुठं लागतोच ते बघू. भर दुपारी लग्नात फेटा बांधलेली मंडळी उभी असतात, फेट्याची सावली नेमकी डोळ्यावर. त्यांची पाठ सूर्याकडं करा, आयएसओ १००, १/२००, एफ ११ च्या आसपास मागचं एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) बसवा आणि फ्लॅशची पॉवर मायनस १ ते मायनस १.७ स्टॉपवर ठेवा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे डोळे उघडतात पण फ्लॅश मारलाय असं कळत नाही. शटर फक्त बाहेरच्या उजेडावर चालतं, फ्लॅशचा उजेड ॲपर्चर, आयएसओ आणि फ्लॅशच्या पॉवरनं ठरतो, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढं गेलात की फोटोत काळी पट्टी येते, हाय स्पीड सिंकनं (वेगवान शटरसाठीची फ्लॅशची सोय) ती जाते पण पॉवर पडते.

फ्लॅश कॅमेऱ्यावरनं काढून ट्रिगरनं (दुरून फ्लॅश पेटवायचं यंत्र) बाजूला नेला आणि त्याच्यापुढं पांढरी छत्री लावली की तोही खिडकीसारखाच वागतो. १ मीटरवरनं २ मीटरवर नेलात तर उजेड चौपट कमी, म्हणून छत्री फ्रेमच्या कडेपर्यंत जवळ आणा. हॉलमध्ये पांढरं छत असेल तर फ्लॅश वर मारा, पण लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात तसं केलंत तर नवरीसकट सगळे त्याच रंगात निघतात.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सूर्य बुडताना आधी फ्लॅश बंद ठेवून आकाशाचं एक्स्पोजर घ्या, एक स्टॉप खाली आणा, मग फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून फक्त चेहरा उचला. जेल नसेल तर चेहरा निळसर पांढरा आणि मागं केशरी आकाश, लय विचित्र दिसतंय. आणि त्या वेळी उजेड भराभर उतरतो, म्हणून दर चार-पाच फोटोंनी शटर परत बघा.