पहिल्यांदा रक्तदान करताय? सुई टोचायच्या आधी आणि नंतर होणाऱ्या या चुका टाळा

घटस्थापनेचा दिवस होता. आमच्या घरी नवरात्राचे उठता-बसता उपवास, त्यामुळं सकाळपासून पोटात दोन केळी आणि कपभर चहा. कॉलेजच्या पोरांबरोबर परभणीतल्या एका शिबिरात गेलो. टेबलावरच्या सिस्टरनं विचारलं, "जेवलास का?" मी बिनधास्त "हो" म्हणालो. खोटं बोलायचं कारण एवढंच, की मागं दोस्त उभे होते आणि ‘उपवास आहे’ म्हणायची लाज वाटली. रक्त देताना काही म्हणता काही झालं नाही. बिस्किटाचा पुडा तसाच खिशात घातला आणि बाहेर आलो. रस्त्याच्या कडेला उभं राहून गप्पा मारत होतो. त्यानंतरचं आठवतं ते एकदम रसवंतीवाल्या मामांचं तोंड, अगदी जवळून, आणि माझ्या कपाळावर बर्फाचा खडा. मामा म्हणत होते, "लेकरा, सकाळपासून काही खाल्लं का न्हाई?"

ही गोष्ट जुनी. नंतर कितीतरी शिबिरांत मी नोंदणीच्या टेबलावर बसलो. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण सुईला घाबरलेला असतो. पण ज्यांना त्रास होतो किंवा ज्यांना परत पाठवावं लागतं, त्यांची गडबड बहुतेक वेळा आदल्या रात्री सुरू झालेली असते, नाहीतर रक्त दिल्यानंतरच्या अर्ध्या तासात होते.

उपाशीपोटी येणं

यामागं खोडी नसते, गैरसमज असतो. शुगर तपासायला उपाशी जायचं असतं, मग रक्त द्यायलाही तसंच जायचं असेल, असा हिशोब लोक करतात. चांगली शिकलेली माणसंही करतात. नियम बरोबर उलटा आहे. रक्त द्यायच्या आधीच्या चार तासांत जेवण झालेलं हवं, आणि उपवास असेल तर त्या दिवशी रक्त द्यायचंच नाही. साबुदाणा खाल्लाय, भगर खाल्लीय, चालेल का, असं दर एकादशीला कुणीतरी विचारतं. पोट भरलेलं असलं तरी बाकीचा दिवस तुम्ही अर्धपोटीच काढणार असता, म्हणून नको. श्रावणी सोमवार, चतुर्थी, नवरात्र यांचं कॅलेंडर बघूनच तारीख धरा. रोजे असतील तर ईदनंतरची तारीख धरलेली बरी.

काय खायचं? रोजचंच. दोन-तीन तास आधी भाकरी-पिठलं, वरण-भात, नाहीतर पोहे. उलट टोकाची चूकही होते. आदल्या रात्री मटणाचा बेत आणि सकाळी तर्रीवाली मिसळ हाणून काही जण येतात. खूप तेलकट-तुपकट खाल्लं की रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरणारा पातळ भाग, दुधाळ दिसायला लागतो. असा प्लाझ्मा बऱ्याचदा वापरता येत नाही, तपासणीतही अडचण येते. म्हणजे तुम्ही देणार आणि त्यातला एक भाग वाया जाणार. दारू तर आदल्या दिवसापासूनच बंद. तोंडाला वास आला तर टेबलावरूनच परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे.

चहाला पाणी समजणं

पिशवी 350 मिलीलीटरची असते. वजन 55 किलोच्या वर असेल तर 450 ची घेता येते. 45 किलोच्या आत असाल तर देता येत नाही, तिथं वाद घालून उपयोग नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यामुळं 350 मिलीलीटर रक्त देणं शरीराला झेपतं. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, लाल पेशी भरायला काही आठवडे लागतात. पण हे पाणी भरून निघतं ते तुम्ही प्यालात तर. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, माणूस एसटीत दोन तास उभा राहून तालुक्याला येतो आणि स्टँडवर दोन कटिंग घेतो. त्याच्या अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. अशा माणसाची शीर सापडत नाही, सापडली तर पिशवी हळूहळू भरते, आणि उठल्यावर चक्कर ठरलेली. आदल्या दिवसापासून पाणी, मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत पीत राहा. रक्त द्यायच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी प्या. एवढं केलं तर चक्कर येण्याची शक्यता बरीच कमी होते.

झोपेचंही असंच. रात्रपाळी करून आलेला, जागरण-गोंधळातून थेट आलेला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आलेला, या सगळ्यांना मी ‘उद्या या’ म्हणतो. आणि आपल्याकडचा एक खास प्रकार आहे. कृषिपंपाची लाईट रात्रीची असली की माणूस रात्रभर रानात पाणी देत असतो आणि सकाळी आंघोळ करून शिबिराला हजर होतो. डोळे बघूनच कळतं. मन मोठं असतं त्याचं, पण झोप नसते.

निळ्या पाण्याचा थेंब वर राहिला म्हणून रुसणं

बऱ्याच शिबिरांत हिमोग्लोबिन बघायची जुनी पद्धत अजून वापरतात. बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका निळ्या पाण्यात सोडतात. हे निळं पाणी म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट). मोसंबीच्या खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टमध्ये जो मोरचूद असतो, तोच, फक्त अगदी मोजून विरघळवलेला. थेंब सरळ बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबारा किंवा वर, म्हणजे पास. वरच घुटमळला किंवा तरंगला तर कमी. हल्ली काही ठिकाणी छोटं मशीन असतं, ते आकडाच दाखवतं.

थेंब वर राहिला की पोरी हिरमुसतात. एकीनं मला विचारलं होतं, "सर, दोन दिवस बिटाचा रस पिऊन येऊ का?" दोन दिवसांत काही होत नाही. लोहाची तूट भरायला दोन-तीन महिने लागतात. डॉक्टरांना दाखवा, सांगितल्या तर गोळ्या घ्या. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. जेवणात तांदूळजा, मटकी, अळीव, खात असाल तर काळीज, आणि वर लिंबू पिळा. एक गोष्ट मात्र आजच करता येईल. जेवण झाल्या झाल्या चहा घ्यायची सवय सोडा. चहामुळं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासाभरानं घ्या हवं तर. खरं सांगायचं तर त्या पोरीचा त्या दिवशी फायदाच झाला. चालताना दम का लागतो याचा तिला पत्ता नव्हता, तो एका थेंबानं लागला.

पाळी चालू असताना देऊ नका. बाळंतपणानंतर वर्षभर नको, आणि बाळ अंगावर पीत असेल तोवर तर नकोच.

फॉर्म न वाचता सगळीकडं ‘नाही’ वर खूण करणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. बाकीच्या चुकांचा त्रास देणाऱ्याला होतो, हिचा घेणाऱ्याला होतो.

लोक लपवतात ते वाईट हेतूनं नाही. जालना-बीडकडनं पेशंट संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात आणलेला असतो, रक्त लागणार असतं, आणि पाव्हण्यांमधून कुणीतरी बदली रक्त द्यायचं ठरतं. अशा वेळी मेहुण्याला सगळ्यांसमोर ‘मला मागं कावीळ झाली होती’ म्हणायची सोय नसते. तो गप्प बसतो. पहिलं रक्तदान अशा घाईत होऊ नये असं मला वाटतं ते यासाठीच.

कावीळ झाली असेल तर कुठली, हे महत्त्वाचं. ए किंवा ई प्रकारची असेल तर बरं झाल्यावर वर्षभरानं देता येतं. बी किंवा सी असेल तर कधीच नाही. गावाकडं झाडपाल्याचं औषध घेतलेल्याला प्रकार माहीतच नसतो. त्यानं तसंच सांगावं, पुढचं डॉक्टर ठरवतील. मलेरियातून बरं झाल्यावर तीन महिने, डेंग्यूनंतर सहा महिने, टायफॉईडनंतर वर्षभर थांबायचं. दात काढला असेल तर सहा महिने. जत्रेत गोंदवून घेतलं असेल किंवा टॅटू काढला असेल तर वर्षभर. कुत्रं चावून इंजेक्शनं घेतली असतील तरी वर्षभर. अँटिबायोटिकचा कोर्स संपून दोन आठवडे झालेले हवेत. बीपीची किंवा शुगरची गोळी चालू आहे म्हणून लगेच बाद होत नाही. महिनाभरात गोळी बदललेली नसेल आणि आकडे ताब्यात असतील तर चालतं. इन्सुलिन घेत असाल तर मात्र नाही. वय 18 ते 65, पण पहिल्यांदा देणारा साठीच्या आतला हवा.

आणि एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती मी मोठ्यानं सांगतो. ‘एचआयव्हीची तपासणी फुकटात होईल’ म्हणून रक्त द्यायला जाऊ नका. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया अशी पाचांची तपासणी होते हे खरं. पण लागण नुकतीच झाली असेल तर ती काही दिवस, कधी काही आठवडेही, तपासणीत पकडली जात नाही. शंका असेल तर सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या सल्ला आणि तपासणी केंद्रात जा. तिथं तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. शिबिरातही डॉक्टरांना बाजूला घेऊन ‘माझं रक्त वापरू नका’ एवढंच म्हणालात तरी पुरे, कारण सांगायची जबरदस्ती नाही.

कॉटवर गप्प राहणं

घट्ट बाहीचा शर्ट घालू नका. सुई बघायची नसेल तर बघू नका, त्यात कमीपणा काही नाही. दहाएक मिनिटांचं काम असतं. पाय एकमेकांवर टाकून मांड्या आवळायच्या, सोडायच्या, असं करत राहिलं की डोक्याकडं रक्त नीट पोचतं. जांभया यायला लागल्या, कपाळाला गार घाम फुटला, मळमळलं, आवाज लांबून येतोय असं वाटलं, की लगेच सांगा. पाय वर करून पाच मिनिटं झोपवलं की माणूस ताळ्यावर येतो. पुरुष मंडळी सांगत नाहीत. खाली पडल्यावर कळतं.

दिलं की किक मारून निघणं

पंधरा-वीस मिनिटं बसायचं, बिस्किट खायचं, सरबत प्यायचं. ते बिस्किट म्हणजे पाहुणचार नाही, इलाज आहे. मी ते खिशात घातलं होतं, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे. चक्कर पुष्कळदा कॉटवर येत नाही. उभं राहिल्यावर, उन्हात गेल्यावर, दुचाकीवर बसल्यावर येते. म्हणून येताना कुणाला तरी मागं बसवून आणा आणि जाताना गाडी त्याच्या हातात द्या. ट्रकचे, एसटीचे ड्रायव्हर असाल तर पुढच्या ड्युटीच्या आधी चोवीस तास मोकळे हवेत.

सुई काढल्यावर कोपर दुमडून बसायची सवय बहुतेकांना असते. हात सरळ ठेवा, कापूस दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाबून धरा, हात थोडा वर उचला. दुमडल्यानं आत रक्त साकळतं आणि दुसऱ्या दिवशी कोपरात निळा-जांभळा डाग उमटतो. उमटलाच तर पहिल्या दिवशी गार, नंतर कोमट शेक द्या. आठ-दहा दिवसांत हिरवा-पिवळा होत जातो. बोटांत मुंग्या येत राहिल्या किंवा सूज वाढली तर मात्र दाखवा. पट्टी चार-पाच तास राहू द्या. त्या हातानं त्या दिवशी गोणी उचलू नका, जिममध्येही जाऊ नका. सिगारेट-गुटख्याची तल्लफ निदान तासभर मारा.

घरी गेल्यावर आजी "रगत दिल्यावर माणूस वाळतंय" म्हणणारच. तिच्याशी वाद नको. तिनं जास्तीची भाकरी वाढली तर खा.

गर्दीचा दिवस निवडणं

हे माझं वैयक्तिक मत. नेत्याच्या वाढदिवसाला मंडप, डीजे, आणि देणाऱ्याला घड्याळ किंवा हेल्मेट. एका दिवसात शेकड्यांनी पिशव्या गोळा होतात. पण प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, पाचच दिवस टिकतात, लाल पेशी 35 ते 42 दिवस. सगळं एकदम जमलं तर सगळं एकदम संपतं, आणि मे-जूनमध्ये कॉलेजं बंद असताना रक्तपेढ्या आ वासून बसतात. पहिल्यांदा देणाऱ्यानं साध्या मंगळवारी-बुधवारी थेट रक्तपेढीत जावं. डॉक्टरांना बोलायला वेळ असतो, पंखा असतो, घाई नसते. पुढची तारीख पुरुषांनी 90 दिवसांनंतरची, बायकांनी 120 दिवसांनंतरची धरावी.

नंतर रक्तपेढीतून ‘एकदा येऊन जा’ असा फोन आला तर टाळू नका. तपासणीत काही सापडलं तर ते फोनवर सांगत नाहीत, समोर बसवून सांगतात.

नोंदणीच्या टेबलावर बसलो की मी "जेवलास का?" असं विचारत नाही. "काय खाल्लंस आणि किती वाजता?" असं विचारतो. मागं एकजण पटकन म्हणाला, "सकाळी सातला, दोन धपाटे." भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला आला होता. त्याला शेजारच्या खानावळीत वरण-भात खायला पाठवलं. सव्वा तीनला परत आला, बोट पुढं केलं, थेंब सरळ तळाला गेला.