टायर पॉलिश लावण्याआधी बाटलीचा वास घ्या

गाडी धुतली आणि टायर तसेच मळकट राहिले की धुतल्यासारखी वाटतच नाही, हे मलाही पटतं, त्यामुळे टायर पॉलिश लावूच नका असं काही मी म्हणणार नाही. पण "भरपूर मारा, जेवढं चकचकीत तेवढं भारी" हा सल्ला जो सगळीकडे मिळतो ना, तो ऐकू नका. पावसाळा सोडला तर गेली बारा वर्षं दर दोन-तीन आठवड्यांनी मी हे काम स्वतःच्या हाताने करतोय आणि सुरुवातीला ज्या चुका केल्या त्या सगळ्या याच सल्ल्यामुळे.

आधी कुठलं घ्यायचं ते बघू. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुठल्याही दुकानात शिरलात तर समोर दहा बाटल्या ठेवतील, पण जाती मुळात दोनच. एक पाण्यावर बनवलेलं, ते दुधासारखं पांढरट असतं, वास फारसा नसतो, आणि वाळलं की टायर नवा असताना जसा काळा दिसतो तसा दिसतो. दुसरं सॉल्व्हंटवालं, पारदर्शक, तेलकट, झाकण उघडलं की रॉकेल नाहीतर थिनरसारखा वास, आणि बाटलीवर बहुतेक वेळा ज्वलनशील असल्याची आगीची खूण. हे दुसरं जास्त चमकतं आणि जास्त टिकतं, म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. पण ते चिकट राहतं, आणि आपल्याकडे जिथे तिथे मेट्रोचं, रस्त्याचं, बिल्डिंगचं काम चालू, ती सगळी सिमेंटची धूळ दोन दिवसांत टायरवर बसते आणि काळा टायर राखाडी होतो. शिवाय असलं सॉल्व्हंट परत परत लावणं रबराला चांगलं नाही. "सिलिकॉन असलेलं घेऊ नका" असंही कोणीतरी सांगेल, पण सिलिकॉन बहुतेक दोन्ही प्रकारांत असतं आणि रबराला खरा त्रास सॉल्व्हंटचा होतो. त्यामुळे पांढरं, दुधाळ, पाण्यावालं घ्या, आणि बाटलीतलं घ्या, स्प्रेचा कॅन नको. का ते पुढे सांगतो.

डिझेल, जळालेलं इंजिन ऑइल, खोबरेल तेल, बूट पॉलिश यातलं काहीही टायरला लावू नका. डिझेल आणि इंजिन ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं. आणि बाइक किंवा स्कूटरच्या टायरला तर कुठलंच पॉलिश लावायचं नाही, अजिबात नाही. वळताना दुचाकी कलते, आणि टायरची जी कड तुम्ही चमकवली असेल तीच रस्त्याला टेकते.

आता धुणं. रबराला ओझोनने तडे जाऊ नयेत म्हणून त्यात एक रसायन घातलेलं असतं, ते हळूहळू वर येतं आणि हवा लागून तपकिरी पडतं, टायरवरचा तो चहासारखा रंग बराचसा त्याचाच. त्यावर जुन्या पॉलिशचा थर. हे सगळं निघाल्याशिवाय नवीन पॉलिश धरतच नाही. क्लीनर मारून कडक ब्रशने घासा, फेस तपकिरी येईल, धुवा, परत घासा, फेस पांढरा येईपर्यंत. मग पुसून पूर्ण कोरडं करा, नुसतं वरून नाही, टायरवरच्या अक्षरांच्या फटीतलं पाणीसुद्धा. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट.

आणि पुढचं म्हणजे लावणं. बघायला एकदम सोपं, आणि मी सगळ्यात जास्त इथेच चुकलोय.

पहिल्या वर्षी मी स्प्रेचा कॅन आणला, टायरवर फेस आल्यासारखा भरपूर मारला, टायर काचेसारखे चमकले, आणि लगेच ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने ठाण्याला निघालो. पोचल्यावर बघतो तर चारही चाकांच्या मागे पांढऱ्या रंगावर काळे तेलकट ठिपके, पार दरवाजाच्या हँडलपर्यंत उडालेले. चाक फिरायला लागलं की जे रबराला धरलेलं नाही ते सगळं बाहेर फेकलं जातं, साधी गोष्ट आहे, पण मला कोणी सांगितली नव्हती. ते ठिपके मी हातातल्या कोरड्या फडक्याने पुसले आणि धूळ मिसळलेली असल्यामुळे रंगावर बारीक चरे पडले. कधी असे ठिपके उडालेच तर शाम्पूच्या पाण्याने धुवा, कोरडं घासू नका. आणि दरवाजाला टच-अप किंवा पेंटिंग करायचं असेल तर गॅरेजवाल्याला आधीच सांगा की इथे पॉलिश उडालंय, कारण पत्र्यावर सिलिकॉन राहिलं की नवा रंग तिथे धरत नाही, बारीक खळगे पडतात.

त्याच कॅनने दुसरी गोष्ट केली ती याहून वाईट. अलॉय व्हीलच्या फटीतून फवारा आत ब्रेकच्या डिस्कवर गेला असणार, कारण बिल्डिंगच्या गेटमधून बाहेर पडताना पहिला ब्रेक मला हवा तेवढा लागला नाही. समोर शाळेच्या बसची रांग होती. गाडी थांबली, काही झालं नाही, पण त्या दिवसानंतर स्प्रे माझ्या घरात आलेला नाही. आणि खाली पार्किंगच्या लाद्यांवर जो थर बसला होता त्यावरून शेजारचे काका घसरता घसरता वाचले.

तर आता मी असं करतो. टायर थंड असला पाहिजे, म्हणजे सकाळी लवकर नाहीतर रात्री, मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीला कधीच नाही, डाग पडतात. पॉलिश टायरवर ओतायचं नाही, स्पंजवर घ्यायचं, एका टायरला एक पोह्याचा चमचा पुरतो. ते फक्त साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या उभ्या भागावर गोल गोल चोळायचं आणि रस्त्याला टेकणारी नक्षी जिथे सुरू होते त्याच्या दोन बोटं आधी थांबायचं. नक्षीवर पॉलिश म्हणजे ओल्या रस्त्यावर घसरायची सोय, यात मी कोणाचं काहीच ऐकून घेत नाही. खालचा जमिनीजवळचा भाग राहतो, त्यासाठी गाडी अर्धं चाक पुढे घ्या, हँडब्रेक ओढा आणि मग तेवढंच लावा.

मग दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि स्वच्छ कोरड्या कपड्याने सगळा टायर पुसून काढा. हो, लावलेलं पुसायचं. लोकांना हे पटत नाही, आत्ताच लावलं आणि पुसून काय टाकायचं, पण रबराला जेवढं धरायचं तेवढं धरून झालेलं असतं, तुम्ही पुसताय ते उडणारं. अक्षरांच्या आणि रेघांच्या खाचांमध्ये थेंब साचतात तिथे कपड्याचं टोक घालून पुसा. बोट फिरवून बघा, बोट काळं किंवा चिकट झालं तर अजून पुसायचंय. त्यानंतर कमीत कमी तासभर गाडी हलवायची नाही. मला विचाराल तर रात्री लावून सकाळी काढा.

बिल्डिंगमध्ये सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या दादांना नीट सांगून ठेवा की टायरचा कपडा वेगळा, तो बॉडीला आणि काचेला लावायचा नाही. काचेवर सिलिकॉन गेलं की पावसात वायपर फिरला की धुरकट पट्टे येतात.

खाली वाकलेलेच आहात तर टायरवरचे चार आकडेही बघून घ्या, 2321 असेल तर टायर 2021 सालच्या 23व्या आठवड्यात बनलाय. साइडवॉलला तडे किंवा फुगा दिसला तर पॉलिशने झाकू नका, टायरवाल्याकडे जा.

जून ते सप्टेंबर मी बाटली उघडतच नाही, पाण्यावालं पॉलिश मुंबईच्या दोन जोरदार पावसांत निघून जातं, नुसतं धुतो. परत सुरू करतो ते दसऱ्याला, आणि तेही आदल्या रात्री. सकाळी झेंडूची माळ घालून, लिंबावरून गाडी काढायची वेळ येईपर्यंत टायर पूर्ण वाळलेला असतो.